पुढचे पाऊल चटकन सापडावे म्हणून: काय करावे, काय टाळावे

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकरी घरात एकाच वेळी किती कामे अर्धवट असतात ते पाहा. वारसाची नोंद, पीककर्जाचे नवे-जुने, फार्मर आयडी, मुलीचा जातीचा दाखला, आईची तपासणी, मुकादमाचा हिशेब. ही कामे आता वहीतून मोबाइलवरच्या यादीत येऊ लागली आहेत आणि ते चांगलेच आहे. पण यादी वाढली की एक अडचण उभी राहते. तहसील कार्यालयाच्या दारात उभे असताना ‘आत्ता, इथे, काय करायचे?’ हे पन्नास नोंदींतून सापडत नाही.

डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात एक साधी शिस्त सांगितली. अडलेल्या प्रत्येक कामाचे, हाताने करता येईल असे, अगदी पुढचे पाऊल लिहून ठेवायचे. हे पाऊल शोधून देणारी सोय यादीच्या ॲपमध्ये हवी, हीच इथली मागणी आहे. शोधाने अख्खे काम समोर ओतू नये. माणूस जिथे उभा आहे तिथे, आज, हातातल्या कागदांवर उचलता येईल तेवढेच पाऊल दाखवावे. बालाघाटाच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरच्या माणसासाठी विसरलेले पाऊल म्हणजे तालुक्याची आणखी एक खेप आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी.

यादी ठेवणाऱ्याने आणि शोधाची सोय सुचवणाऱ्याने काय करावे, काय टाळावे, ते पुढे मांडले आहे.

१. नोंद लिहिताना

*करावे*

- कामाचे नाव आणि पुढचे पाऊल वेगवेगळे लिहावे. ‘वारसनोंद’ हे काम आहे. ‘ग्रामपंचायतीतून मृत्यू दाखला आणणे’ हे पाऊल आहे. शोधाला पाऊल हवे असते.
- क्रियापद आधी लिहावे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि मोबाइलचा पडदा ओळ नेमकी शेवटी कापतो. ‘ग्रामपंचायतीतून वडिलांच्या मृत्यू…’ एवढेच दिसले तर दाखला आणायचा, द्यायचा की दुरुस्त करायचा हे कळत नाही. ‘आणणे: मृत्यू दाखला, ग्रामपंचायत’ असे लिहिले तर पहिल्याच शब्दाला उलगडा होतो.
- प्रत्येक पावलाला जागा द्यावी. पाच जागा पुरतात: शेतात, गावात, तालुक्याला, बीडला, फोनवर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतात उभे राहूनच करायची असते. ती ‘फोनवर’ या जागेत टाकली तर घरी बसून सापडेल आणि करता येणार नाही.
- कागद नोंदीतच लिहावेत: आधार, आठ-अ, बँक पासबुक, दोन फोटो. ‘आठ-अ’ शोधल्यावर तो लागणारी सगळी पावले एकदम दिसली, तर एकाच वेळी तेवढ्या प्रती काढता येतात.
- ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते लिहावे. फार्मर आयडी असो वा पीएम किसानची ई-केवायसी, आधारला जोडलेला नंबर ज्याच्याकडे आहे तो माणूस जवळ नसेल तर ते पाऊल आज ओटीपीने होणार नाही.

*टाळावे*

- ‘बँकेचे बघणे’, ‘तहसीलचे काम’, ‘विम्याचे विचारणे’ अशा नोंदी. सापडल्या तरी काय करायचे ते कळत नाही.
- एका नोंदीत दोन पावले. ‘सातबारा काढून सोसायटीत देणे’ यातला सातबारा आला तरी नोंद अर्धवटच राहते, आणि पुढच्या शोधात ते झालेले पाऊल पुन्हा डोके वर काढते.
- नुसता कागदाचा फोटो टाकून नोंद झाली असे मानणे. फोटोखाली एक ओळ टंकावी, नाहीतर तो शोधात येईलच असा भरवसा नाही. आवाजी नोंदीचेही तसेच.

२. शोधाची सोय मागताना

*करावे*

- एका कामाचे एकच पाऊल दिसावे असे मागावे. वारसनोंदीत दाखला, अर्ज व शपथपत्र, नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी आणि शेवटी नवा सातबारा अशी साखळी असते. दाखलाच हाती नसताना मंजुरीची ओळ दाखवण्यात अर्थ नाही.
- दोन-तीन अटी एकत्र लावता याव्यात. ‘तालुक्याला’ आणि ‘आधार असेल तर’ आणि ‘अर्ध्या तासात’. एसटी सुटायला तेवढाच वेळ असेल तेव्हा याच शोधाची गरज पडते.
- नेहमीचा शोध नाव देऊन जपता यावा. ‘गेवराईला जाताना’, ‘माजलगावच्या बाजारात’, ‘अंबाजोगाईच्या दवाखान्यात’. एकदा बांधला की पुढे एका बोटाने उघडावा.
- पाऊल झाले अशी खूण करताच ‘यानंतर काय?’ असे ॲपने विचारावे. काउंटरवरच्या माणसाने सांगितलेले पुढचे काम त्याच क्षणी लिहिले गेले तरच ते टिकते. घरी येईपर्यंत निम्मे विसरलेले असते.
- काहीच सापडले नाही तर जवळचे दाखवावे. ‘केज’साठी पाऊल नसेल, पण ‘तालुक्याला’ म्हणून तीन असतील, तर ती पुढे करावीत.

*टाळावे*

- झालेली आणि राहिलेली कामे एकाच ढिगात दाखवणारा शोध. जुनी नोंद लागते, पण मागितली तरच.
- फक्त शीर्षकात शोधणे. पावती क्रमांक, अर्जाचा क्रमांक, कर्मचाऱ्याने सांगितलेला वार हे सगळे खालच्या टिपणात असते.
- खुणांची खैरात. प्रत्येक नोंदीला दहा-दहा लेबले लावायला लावणारी सोय आठवड्याच्या आत सोडून दिली जाते.

३. मराठीतून शोधताना

या मुद्द्यावर जास्त जोर द्यायला हवा. अक्षराला अक्षर जुळवणारा शोध मराठीत पदोपदी अडखळतो.

*करावे*

- सामान्यरूप ओळखणारा शोध मागावा. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीचे अनुदान’ सापडायला हवे. इथे दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व झाली आहे. ‘पीक विमा’ शोधला तर ‘पिकाच्या विम्याचे पैसे’ यायला हवेत. ‘तलाठी’ला ‘तलाठ्याकडे’, ‘बँक’ला ‘बँकेत’, ‘वीज’ला ‘विजेचे बिल’.
- दिसायला सारखे पण आत वेगळे असलेले लेखन एक मानायला सांगावे. ‘शेतकऱ्याला’ आणि ‘शेतकर्‍याला’ डोळ्यांना एकच दिसतात, पण युनिकोडमध्ये ते वेगळ्या खुणांनी बनतात. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही तसेच. तो एकसंध अक्षर म्हणून येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही येतो. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ अशी दोन्ही लेखने चालतात. शेतकऱ्याच्या यादीत ‘शेतकरी’च सापडत नसेल तर तो शोध कामाचा नाही.
- आकड्यांची सगळी रूपे जुळावीत. कोणी ७/१२ लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत, कोणी ‘सातबारा’. कागद तोच आहे.
- इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठीही पकडावी. घाईत मुले आईच्या फोनवर तशीच टंकतात आणि आई नंतर देवनागरीत शोधते.
- बदललेली नावे जोडून द्यावीत. २०२४ मध्ये तलाठी हे पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले. २०२५ मध्ये कृषी सहायकांचे पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’ असे झाले. लोक जुने बोलतात, अर्जावर नवे छापलेले असते. शोधाला दोन्ही ठाऊक हवे.
- गावांच्या नावांचेही तेच. खंडपीठाच्या किंवा घाटी रुग्णालयाच्या कामासाठी बीडचा माणूस ‘औरंगाबाद’ लिहितो, त्याच घरातला दुसरा ‘संभाजीनगर’ लिहितो. ‘नगर’ आणि ‘अहिल्यानगर’, ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’, ‘अंबाजोगाई’ आणि ‘अंबेजोगाई’. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर ‘स्वाराती’, ‘मेडिकल कॉलेज’ आणि ‘मोठा दवाखाना’ अशा तिन्ही नावांनी यादीत येऊ शकते.

*टाळावे*

- सैल शोध. ‘पीक’ शोधल्यावर ‘पिकअप भाड्याने’ वर येत असेल तर लोक शोधच वापरणे सोडतात. नेमके जुळणारे आधी, जवळचे त्याखाली.
- नावावरून जागा परस्पर ठरवणे. शिरूर बीडमध्ये आहे, पुण्यातही आहे. आष्टी बीडमध्ये आहे, वर्ध्यातही आहे. खात्री नसेल तर ॲपने विचारावे.
- जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लिहिलेले अर्ज तसेच यादीत चिकटवणे. पडद्यावर मराठी दिसले तरी आत वेगळीच अक्षरे असतात आणि शोध त्यांच्यावरून सरळ निघून जातो. आधी युनिकोडमध्ये करून घ्यावेत.

४. तारखा, मुदती आणि वाट पाहणे

*करावे*

- दुसऱ्याच्या हातात असलेली पावले ‘वाट पाहतो’ म्हणून वेगळी ठेवावीत आणि कोणाची, कधीपासून हे लिहावे. रोजच्या शोधात ती येऊ नयेत. मुदत संपली की आपोआप वर यावीत.
- कायद्याची मुदत नोंदीला बांधावी. माहिती अधिकार अधिनियम २००५ नुसार उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस असतात. उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्याचा निर्णय आल्यापासून किंवा यायला हवा होता तेव्हापासून ९० दिवसांत दुसरे. म्हणजे आजच्या ‘वाट पाहतो’चे रूपांतर ठरल्या दिवशी ‘अपील लिहिणे’ या पावलात व्हायला हवे.
- आपल्यावरच्या मुदतीही लिहाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे जमिनीत हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. घरातले माणूस गेले की दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. म्हणून घरातल्या एकाने ही नोंद करून ठेवावी.
- बंद दिवस शोधाला माहीत असावेत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे; बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. शनिवारी ‘तालुक्याला’ शोधले तर तहसीलची पावले मागे आणि कृषी केंद्राची पुढे यावीत.
- तलाठी, ग्रामसेवक एकापेक्षा जास्त गावे सांभाळत असतील तर ते कोणत्या वारी आपल्या गावात भेटतात ते नोंदवावे. ‘गावात’ हे लेबल त्या वाराशिवाय अपुरे आहे.
- आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी यादी एकदा चाळावी. शोध कितीही चांगला असला तरी शिळ्या यादीतून ताजे पाऊल निघत नाही.

*टाळावे*

- जुना नियम गृहीत धरून लिहिलेले पाऊल तसेच ठेवणे. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा भरावा लागला. भरपाईचे निकषही तेव्हा बदलले. योजनेच्या प्रत्येक पावलाशी ‘नियम कधी तपासला’ ही तारीख हवी.
- जागा कायमची ठरवून टाकणे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढता येतो. जुन्या यादीतले ‘तलाठ्याकडून आणणे’ हे पाऊल कदाचित ‘फोनवर’ या जागेत हलवता येईल.
- प्रत्येक नोंदीला खोटी तारीख देणे. सगळेच तातडीचे केले की शोधाला तातडी ओळखता येत नाही.

५. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

बीडमधून मोठ्या संख्येने जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. गावातले एक पाऊल राहिले तर ते पाच-सहा महिने राहते. या घरांना शोधाची गरज सर्वांत जास्त आहे आणि ॲप बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही घरे सर्वांत कमी असतात.

*करावे*

- ‘निघण्याआधी’ आणि ‘कारखान्यावर’ या दोन जागा वाढवाव्यात. पहिल्यात: मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी, ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र, खरिपाची पीक पाहणी, म्हाताऱ्या माणसांची औषधे, उचलीचा लेखी हिशेब. दुसऱ्यात: शिधापत्रिकेवर तिथल्या रेशन दुकानातून धान्य घेणे, जवळच्या आरोग्य केंद्रात बाळाची लस.
- गावी राहणाऱ्याशी यादी वाटून घ्यावी. आजोबांना ‘गावात’ शोधल्यावर त्यांची पावले दिसावीत, पोराला उसाच्या फडातून ‘फोनवर’ शोधल्यावर त्याची. ओटीपी बापाच्या फोनवर आणि अर्ज गावातल्या सेवा केंद्रात असेल तर दोघांना एकच वेळ ठरवता यावी.
- मुकादमाकडून घेतलेली उचल, मिळालेले पैसे आणि भरलेल्या खेपा तारखेसह टिपणात लिहाव्यात. हंगामाच्या शेवटी ‘उचल’ शोधले की पूर्ण हिशेब एका ठिकाणी यावा. तो मुकादम आणि मजूर दोघांनाही न्याय देतो.

*टाळावे*

- इंटरनेटशिवाय न चालणारा शोध. फडात, घाटात आणि रिचार्ज संपलेल्या फोनवरही तो चालायला हवा.
- बायकांची पावले ‘घर’ या एका लेबलात कोंबणे. तिची तपासणी, तिचे बचतगटाचे कर्ज, तिच्या नावाचा अर्ज ही स्वतंत्र कामे आहेत. त्यांची नोंदही स्वतंत्र हवी.

६. एक फोन, अनेक माणसे

*करावे*

- घरात फोन एकच असेल तर प्रत्येकाची यादी वेगळी आणि कुलूपबंद ठेवता यावी. दवाखान्याची नोंद ज्याची त्यालाच दिसावी.
- आवाजाने शोधता यावे आणि उत्तर वाचूनही दाखवावे. लिहिता न येणाऱ्या आजीलाही तिचे पाऊल कळण्याचा हक्क आहे.

*टाळावे*

- आधार क्रमांक, पिन, ओटीपी यादीत लिहिणे. जे आपल्याला शोधात सापडते ते फोन हातात पडलेल्या दुसऱ्यालाही सापडते. ‘आधारची प्रत सोबत’ एवढे पुरते.
- कुलूपबंद पडद्यावर पूर्ण नोंद दाखवणारी सूचना. ‘आज दोन पावले’ एवढेच दिसावे.

७. सूचना मांडताना

बीडमधून निघालेली गोष्ट बीडपुरती राहतेच असे नाही. पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ २०२० च्या खरिपात इथे राबवला गेला आणि २०२२ पासून राज्यभर गेला. शेतकरी नोंदणीच्या पथदर्शी चाचणीसाठीही केंद्राने महाराष्ट्रातून हाच जिल्हा निवडला होता. म्हणून ॲप बनवणाऱ्यांना लिहिताना संकोच करू नये.

*करावे*

- चार ओळींत प्रसंग लिहावा: कुठे होतो, काय शोधले, काय यायला हवे होते, काय आले. उदाहरणार्थ: ‘धारूरच्या बँकेत होतो. पीककर्ज शोधले. पिकाच्या कर्जासाठी आठ-अ देणे ही नोंद यायला हवी होती. काहीच आले नाही.’
- सोबत दहा-बारा खऱ्या धाटणीच्या नोंदी द्याव्यात, नावे आणि क्रमांक काढून. बनवणाऱ्याला तपासायला खरी मराठी मिळते.
- एका पत्रात एकच मागणी ठेवावी आणि सर्वांत आधी सामान्यरूपाची करावी. तिच्याशिवाय बाकीच्या सोयी मराठीत लंगड्या राहतील.
- फोनचा प्रकार, ॲपची आवृत्ती आणि कोणत्या कीबोर्डने टंकले ते सांगावे. शोध चुकण्याचे कारण बऱ्याचदा तिथेच असते.

*टाळावे*

- ‘मराठीत नीट चालत नाही’ एवढेच लिहून थांबणे. तक्रार खरी असते, पण तिच्यावरून कोणाला काही दुरुस्त करता येत नाही.
- सोय येईपर्यंत यादी थांबवणे. साध्या टिपण ॲपमध्येही ‘तालुक्याला’, ‘फोनवर’, ‘वाट पाहतो’ हे शब्द नेमाने, एकाच लेखनाने लिहिले तर आजचा साधा शोधसुद्धा बरेच काम करतो.

तालुक्याला जायच्या आदल्या रात्री आपल्या यादीत ‘तालुक्याला’ हा एकच शब्द शोधून पाहावा. जी पावले सापडली त्यांचे कागद पिशवीत भरावेत. जे पाऊल आठवते आहे पण शोधात आले नाही, त्याची नोंद दुरुस्त करावी. दुरुस्त करूनही ते आले नाही, तर वरच्या चार ओळी लिहून ॲप बनवणाऱ्यांना पाठवाव्यात.